घोरणाऱ्याची कैफियत

मनुष्याच्या अंगी जे नाना दोष असतात, त्यांपैकी बहुतेकांची नोंद निदान खाजगी दप्तरात तरी त्याच्यापाशी असते. कंजूष माणसाला आपण कंजूष आहोत हे ठाऊक असते, फक्त तो त्याला काटकसर म्हणतो. भित्र्याला आपले भय ठाऊक असते, फक्त तो त्याला दूरदृष्टी म्हणतो. आणि कवितांची वही काखोटीला मारून हिंडणाऱ्यालासुद्धा समोरचा माणूस घड्याळाकडे का पाहतो आहे, याची अंतर्यामी अंधूक कल्पना असतेच. परंतु घोरणे हा असा एकच अपराध आहे की, तो घडत असताना अपराधी घटनास्थळी हजर असूनही गैरहजर असतो. गुन्हा त्याच्याच घशात घडतो, मुद्देमाल त्याच्याच नरड्यात सापडतो, साक्षीदार दीड हातावर टक्क जागे असतात, प्रसंगी भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातूनही पुराव्याला पुष्टी मिळते, आणि तरीही सकाळी चूळ भरून चहाला बसलेला आरोपी अगदी निष्कपट मुद्रेने विचारतो, "कोण, मी? मी घोरतो?"

अशा आरोपींच्या बचावाचे चार ठरीव नमुने आहेत आणि ते प्रत्येकाला जन्मतःच पाठ असतात. पहिला साफ इन्काराचा: 'मी तर जागाच होतो.' दुसरा परिस्थितीवर दोषारोप करणारा: 'सर्दी झाली होती, शिवाय उताणा झोपलो असेन.' तिसरा उलट फिर्यादीचा: 'तुझी झोपच सावध, त्याला मी काय करू?' आणि चौथा वंशपरंपरेचा. त्यात वडील, आजोबा आणि पणजोबा यांच्या घोरण्याचे असे काही गौरवपूर्ण वर्णन येते की, ऐकणाऱ्याला वाटावे, या घराण्याला पेशव्यांनी घोरण्याचे वतनच लावून दिले होते. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे काका, ज्यांनी तहसील कचेरीत कारकुनीपासून अव्वल कारकुनीपर्यंत उभी हयात घालवली, यांनी यात पाचव्या नमुन्याची भर घातली. त्यांनी लेखी पुरावा मागितला. काकूंनी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून सकाळी ते ऐकवले, तेव्हा काकांनी ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आवाज कोणाचा तरी आहे, हे मान्य. पण तो माझाच, याला आधार काय? यावर तारीख नाही, शिक्का नाही, दोन पंचांच्या सह्या नाहीत."

काकूंची तक्रार मात्र आवाजाची नव्हतीच. "घोरण्याचं मला काही नाही हो," त्या एकदा आमच्या घरी सांगत होत्या, "इतक्या वर्षांत कानाला सवय झाली. पण मधेच हे एकदम थांबतात ना, त्याची धास्ती वाटते. छाती वरखाली होत असते, पण श्वासाचा पत्ता नाही. मी उठून बसते. हलवू की नको, हलवू की नको, असं होतं. तेवढ्यात हिसका बसल्यासारखा मोठ्ठा आवाज होतो आणि गाडी पुन्हा सुरू. वर सकाळी मलाच विचारतात, तुझे डोळे का लाल?"

वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांनी या प्रकाराचे वर्णन करण्यात पुष्कळ पाने खर्च केली आहेत. पण काकूंच्या या जबानीत त्यातले मुख्य कलम एकही सुटलेले नाही. टाळूच्या मागच्या टोकापासून स्वरयंत्रापर्यंत घशाचा जो टापू आहे, त्याला हाडाचा वा कूर्चेचा भक्कम आधार नाही. तो केवळ स्नायूंच्या जागरूकतेवर उघडा राहतो. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांचे स्वरयंत्र घशात उंचावर, नाकाच्या मार्गाला जवळजवळ भिडलेले असते. मनुष्याचे ते खाली उतरले, आणि त्यामुळे जी लवचीक, मोकळी नळी तयार झाली, तिच्या बळावर तो व्याख्याने देऊ लागला, नाट्यपदे गाऊ लागला आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत मुद्दे मांडू लागला. वाणीच्या या देणगीच्या मोबदल्यात निसर्गाने त्याच्या श्वासाची सुरक्षितता गहाण ठेवून घेतली आणि त्या गहाणखताचे व्याज तो रात्रीच्या वेळी वसूल करतो. झोप लागली की स्नायू सैलावतात, जिभेचे मूळ मागे कलंडते, मऊ टाळू आणि घशाच्या बाजूच्या भिंती आत येतात. आणि ओल्या धोतराचे पदर दोरीवर एकमेकांना चिकटावेत, तशी ती वाट मिटते. वाट अरुंद झालेली असताना हवेच्या झोताने तिच्या भिंती थरथरतात, ते घोरणे. ती पुरती बंद झाली की शांतता. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास असा खंडित राहिला की त्याची एक नोंद धरतात. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, मेंदू दचकून स्नायूंना हुकूम सोडतो, हिसक्यासरशी वाट उघडते आणि झोपणारा पुन्हा झोपी जातो. त्याच्या मुलखात बंड झाले आणि ते मोडलेही, याची वार्ता त्याच्या कानी येत नाही. तासाला अशा ५ ते १५ नोंदी झाल्या तर विकार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र, अशी त्याची प्रतवारी लावलेली आहे. रात्रभर ही धामधूम चालल्यावर सकाळी डोके जड होणे, दिवसा डुलक्या येणे, आणि रक्तदाबाने गोळ्यांना दाद न देणे, ही त्याची फळे होत.

ज्याचा पुरावा प्रत्येक शयनगृहात रोज उपलब्ध होता, तो विकार ओळखायला वैद्यकशास्त्राने जो विलंब लावला, त्याला आमच्या दिवाणी न्यायालयांच्या कारभाराचीच उपमा शोभेल. १८३६-३७ मध्ये डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराने 'पिकविक पेपर्स'मध्ये 'जो' (Joe) नावाचा एक लठ्ठ पोरगा रंगवला, जो निरोप सांगता सांगता उभ्या उभ्या झोपतो आणि झोपेत घोरतो. वाचक हसले आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले. त्या पोराच्या नावाची नोंद रुग्ण म्हणून व्हायला १९५६ साल उजाडले; तेव्हा अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लठ्ठपणा, गुंगी आणि मंदावलेला श्वास यांच्या एकत्र येण्याला पिकविकचे नाव दिले. १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनी येथील संशोधकांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, झोपलेल्या माणसांना तारा जोडून पाहिल्या आणि श्वास खरोखरच तुटतो, हे कागदावर उमटवले. १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या गियेमिनो यांनी त्याला रोगाचा रीतसर दर्जा मिळवून दिला. इतके होऊनही उपाय म्हणाल तर गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे हाच होता. पुढे १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावर मुखवटा बांधून त्यातून सतत दाबाने हवा सोडली आणि मिटणारी वाट हवेच्याच जोरावर उघडी धरली. त्या आरंभीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर बसवलेली होती, हे ऐकल्यावर काकूंना त्याविषयी विशेष आदर वाटला. कारण घरातला केर आणि घरातला आवाज हे दोन्ही एकाच यंत्राने निघावेत, ही त्यांची फार दिवसांची मनीषा होती.

काका शेवटी डॉक्टरांकडे गेले ते काकूंच्या आग्रहाने नव्हे, तर पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत खुर्चीवर बसले असता, फॉर्म भरता भरताच झोपी गेले म्हणून. हयात असल्याचा पुरावा देण्याच्या वेळी हयातीविषयी संशय उत्पन्न व्हावा, हे त्यांच्यातल्या अव्वल कारकुनाला रुचले नाही.

डॉक्टरांकडे त्यांच्या हाती एक प्रश्नावली देण्यात आली. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातले डॉक्टर मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. प्रश्न आठ, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, आणि बेरीज दहाच्या वर गेली की दिवसाची झोप प्रमाणाबाहेर समजायची. परंतु मेलबर्नला बसून प्रश्न काढणाऱ्याला पुण्याच्या चालीरीतींची कल्पना कोठून असणार? 'दुपारी आडवे पडल्यास झोप लागण्याचा संभव किती?' या प्रश्नाखाली काकांनी पेन्सिलीने लिहिले, 'संभव नव्हे, वहिवाट.' 'सार्वजनिक ठिकाणी, उदाहरणार्थ सभेत, स्वस्थ बसले असता?' यावर त्यांनी सल्लागारासारखा मला फोन केला, "व्याख्यानमालेत लागलेली झोप रोगात धरायची की वक्त्याविषयीच्या अभिप्रायात?" 'वाहन रहदारीत थांबले असता?' हा प्रश्न तर त्यांनी नियमबाह्य ठरवला. कारण लक्ष्मी रस्त्यावर वाहन जेवढा वेळ थांबते तेवढ्या वेळात निरोगी मनुष्याचीही एक झोप पुरी व्हावी. तरीसुद्धा, सर्व सवलती वजा जाता, बेरीज सोळा आली.

मग एका रात्री त्यांना निद्राकक्षात निजवण्यात आले. डोक्याला, पापण्यांच्या कडेला, हनुवटीला, छातीला आणि पायांना तारा, नाकापाशी नळी, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा, असा जामानिमा करून 'आता नेहमीसारखे झोपा' असे सांगण्यात आले. सकाळी जो अहवाल हाती आला, त्यात तासाला २२ वेळा श्वास खंडित वा क्षीण झाल्याची नोंद होती. काकांनी तो अहवाल उलटसुलट करून पाहिला. जावक क्रमांक होता, तारीख होती, गोल शिक्का होता, खाली हिरव्या शाईत सही होती. "हं," ते म्हणाले, "आता मात्र इन्कार करता येणार नाही." ज्या गोष्टीची साक्ष एका बाईने वर्षानुवर्षे तोंडी दिली, ती एका रात्रीत तारांनी लेखी दिली, एवढाच फरक, पण सरकारी नोकरीत तोंडी आणि लेखी यांमध्ये सबंध हयात जाते.

हवेच्या यंत्राची शिफारस झाली, आणि या विकारावर, विशेषतः तो तीव्र असेल तर, तेच सर्वांत खात्रीचे साधन आहे, यात संशय नाही. पण त्याचा उपयोग ते लावून ठेवले तरच. काकांनी मुखवटा चढवला, पट्टे आवळले, यंत्र सुरू झाले, आणि पहाटे पाहावे तो मुखवटा उशीखाली, यंत्र खाटेखाली आणि काका आपल्या मूळ सुरात. जगभरच्या कपाटांत अशी कितीतरी यंत्रे अडगळीच्या हवाली झालेली आहेत. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुमचा विकार मध्यम आहे. दातांच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या."

काकांना हा हुकूम चुकून दुसऱ्याच्या फायलीतला आपल्याकडे आला असे वाटले. आणि वाटावे हे स्वाभाविकही होते. मनुष्यदेहाच्या राज्यात दात म्हणजे खालसा न झालेले एक संस्थान: त्याचे महाविद्यालय वेगळे, पदवी वेगळी, खुर्ची वेगळी, आणि वेदनेचा दरही वेगळा. नाकापासून स्वरयंत्रापर्यंतचा मुलूख कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाचा, फुप्फुसे छातीच्या डॉक्टरांची, मेंदू मेंदूवाल्यांचा, हे ठरून गेलेले आहे. परंतु दंतवैद्याने जुने दस्तऐवज काढून आपला हक्क शाबीत केला तो असा: जीभ ही हनुवटीच्या हाडाला आतून बांधलेली आहे, हनुवटी खालच्या जबड्यात मोडते, जबडा दातांनी धरता येतो, आणि दात तर बोलूनचालून आमच्या अमलाखालचे. तेव्हा जबडा पुढे ओढला की जीभ आपोआप पुढे येते, घशाच्या बाजूच्या भिंती ताणल्या जातात आणि वाट रुंदावते. हा युक्तिवाद वरवर पाहता चतुर वकिलाचा वाटतो, पण शरीररचनेने तो जसाच्या तसा मान्य केलेला आहे.

त्याला इतिहासाचाही आधार आहे. एकोणिसाव्या शतकात कील येथील शल्यचिकित्सक एस्मार्क यांनी, क्लोरोफॉर्मच्या गुंगीत रोग्याचा श्वास अडला की दोन्ही हातांनी खालचा जबडा पुढे उचलावा, हे शिकवले, आणि भूलतज्ज्ञ आजही तेच करतात. पॅरिसच्या प्येर रोबँ यांनी १९०२ मध्ये वरचे व खालचे दात एकत्र धरून ठेवणारा एकसंध साचा वर्णिला, आणि १९२३ मध्ये आखूड जबड्याच्या बालकांची जीभ मागे पडून श्वास कसा कोंडतो, यावर लिहिले. १९८२ मध्ये शिकागोच्या दोन संशोधकांनी जिभेचे टोक एका मऊ फुग्यात ओढून धरण्याची युक्ती काढली. ज्यांच्या तोंडात साचा धरायला दातच उरले नाहीत, त्यांना ती अद्याप उपयोगी पडते. त्याच दशकात जर्मनीत जबडा पुढे धरणारा दंतसाचा तयार झाला आणि कृतज्ञतेने त्याला एस्मार्कचे नाव देण्यात आले. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या निद्रावैद्यांच्या आणि निद्रा-दंतवैद्यांच्या संस्थांनी एकत्र बसून तहनामाच केला: रोगाचे निदान आणि हुकूम निद्रावैद्याचा, मापाने बनवलेल्या, हळूहळू पुढे सरकवता येणाऱ्या साच्याची अंमलबजावणी दंतवैद्याची, आणि हवेचे यंत्र ज्यांना सोसत नाही किंवा नको वाटते, त्यांना या साच्याचा हक्क.

दंतवैद्य म्हणजे एक तरुण मुलगी निघाली. "काका, आ करा. मोठ्ठा आ. जीभ बाहेर." तिने दिवा वळवला आणि दातांकडे ढुंकूनही न पाहता थेट घशाचा पंचनामा सुरू केला. मूळचे आंध्रातले, पुढे बॉस्टनला भूलतज्ज्ञ झालेले शेषगिरी मल्लमपाटी यांनी १९८५ मध्ये घशाच्या या दर्शनाची प्रतवारी सांगितली, ती पुढे चार इयत्तांची झाली: पहिलीत पडजीभ पूर्ण दिसते, चौथीत टाळूच्या कठीण भागापलीकडे काहीच दिसत नाही. काका तिसरीत बसले. पडजिभेचे नुसते मूळ दिसले. आयुष्यात सगळ्या परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या गृहस्थाला या वयात मिळालेला हा तिसरा वर्ग अपमानास्पद वाटला आणि त्याविरुद्ध अपील करण्याची त्याची इच्छा होती. परंतु दंतवैद्याच्या दरबाराची खरी मौज याच ठिकाणी आहे. जगातल्या इतर सर्व न्यायासनांपुढे आरोपीला तोंड उघडण्याची मुभा असते ती बोलण्यासाठी. येथे तोंड उघडण्याची सक्ती असते आणि बोलण्याची सोय नसते. चौदा पिढ्यांचा दाखला देणारा घराणेबाज घोरणारासुद्धा या खुर्चीवर 'आ' या एका स्वरापुरता उरतो.

मग दातांची मोजदाद झाली, कारण सगळा भार त्यांच्यावरच पडायचा. प्रत्येक जबड्यात निदान आठ-दहा धडधाकट दात, निरोगी हिरड्या आणि न कुरकुरणारा जबड्याचा सांधा एवढी जामीनकी लागते. काकांच्या डाव्या खालच्या दाढेवर कॅप होती आणि वरच्या दोन दाढा पूर्वीच मयत झालेल्या होत्या. उरलेल्यांवर इतबार ठेवण्यास हरकत नाही, असा निर्णय झाला. गुलाबी लगद्याने मापे घेतली. आणि नंतर जे झाले, त्यात काका एकदम रमले. मुलीने तोंडात एक पट्टी धरून सांगितले, "जबडा अगदी मागे न्या. आता जाईल तेवढा पुढे." मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत अंतर भरले १० मिलिमीटर. "यातले पाच-साडेपाचपासून सुरुवात करू. मग थोडं थोडं पुढे सरकवू." काका घरी येऊन मला म्हणाले, "अहो, ही तर आमची मोजणी! हद्द कायम करण्याचंच काम. फरक एवढाच की आमच्याकडे गुंठ्याचा वाद असायचा, इथं मिलिमीटरचा."

साचा आला तेव्हा त्याचे दोन भाग होते, वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे, पारदर्शक आणि दिसायला निरुपद्रवी. बाजूला एक बारीक स्क्रू आणि तो फिरवायला टाचणीएवढी चावी. काही रात्रींनी एकेक फेरा द्यायचा म्हणजे जबडा मिलिमीटरच्या अंशाने पुढे सरकतो. घोरणे थांबेपर्यंत किंवा सांधा तक्रार करेपर्यंत हे चालायचे. ही चावी हरवेल म्हणून काकूंनी ती आपल्या मंगळसूत्राच्या शेजारी, साखळीत अडकवून टाकली. तिजोरीच्या किल्ल्या गृहिणीकडे असण्याची परंपरा जुनी आहे. नवऱ्याच्या जबड्याची किल्ली हाती आलेल्या त्या आमच्या पेठेतल्या बहुधा पहिल्याच.

पहिल्या काही रात्री लाळेला पूर आला. बोलताना 'सरकार'चे 'शरकार' होऊ लागले. सकाळी साचा काढल्यावर दाढेला दाढ लागेना आणि चहात बुडवलेले बिस्कीटसुद्धा चावताना जबडा कोणत्या बाजूला न्यावा, याचा विचार पडू लागला. त्यासाठी दिलेली लहानशी चावपट्टी दातांत धरून काका वर्तमानपत्र वाचत आणि अग्रलेखाच्या अखेरीस जबडा पूर्वस्थळी येई. अग्रलेख फार पटला तर थोडा उशीर लागे. वर्षानुवर्षे साचा लावणाऱ्यांचे पुढचे दात थोडे सरकतात आणि चावा कायमचा बदलू शकतो, हेही त्यांना आधी लेखी कळवण्यात आले होते व त्यांनी त्यावर 'वाचून पाहिले' असा शेरा मारून सही केली होती.

पण या उपचाराचा खरा चमत्कार मला वेगळाच दिसतो. खालचा जबडा पुढे काढणे ही बंडखोराची मुद्रा आहे; हट्टी मूल, भांडायला उभा ठाकलेला मल्ल आणि मागणी फेटाळणारा सावकार यांच्या चेहऱ्यावर ती दिसते. उलट ज्या मनुष्याने पस्तीस वर्षे साहेबापुढे हनुवटी छातीला लावून 'होय साहेब' म्हटले, त्याच्या जबड्याला मागे राहण्याचीच सवय. अशा माणसाला निसर्गाने सांगावे की, तुला श्वास हवा असेल तर रात्रभर जगापुढे जबडा काढून झोप, ही गोष्ट थोर आहे. काका हल्ली झोपेत अवज्ञा करतात आणि दिवसा पूर्ववत आज्ञाधारक असतात; दोन्ही काकूंच्याच परवानगीने.

इतर मार्गांची चौकशीही झाली. दोन्ही जबडे शस्त्रक्रियेने कापून सेंटिमीटरभर पुढे बसवतात आणि त्याचा परिणामही बहुतांशी चांगला असतो. पण काकांनी आरशात पाहून, जे तोंड सेवापुस्तिकेत चिकटवलेले आहे तेच ठेवावे, असे ठरवले. दुसरा मार्ग टाळू रुंद करण्याचा. सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य एंजेल यांनी १८६० मध्ये लहान वयाच्या रुग्णाची टाळू स्क्रूने रुंद करून दाखवली होती. प्रौढपणी टाळूची सांध बहुतेक मिटलेली असते, तेव्हा हाडात खिळे रोवावे लागतात किंवा शस्त्राची मदत घ्यावी लागते, आणि ते निवडक रुग्णांपुरतेच. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याची जी नवी टूम निघाली आहे, तिचा काकांनी तत्काळ निषेध केला. नाक चोंदलेले असता तोंडही बंद करणे म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोही स्वखर्चाने. काकूंचे मन मात्र वाद्यांकडे ओढले गेले. २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २५ जणांवरचा एक प्रयोग आला, ज्यात डिजरीडू हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे लांब लाकडी वाद्य काही महिने फुंकल्याने घशाचे स्नायू बळावून विकार कमी झाला. त्याला २०१७ चे शांततेचे इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळाले, आणि शांततेचे पारितोषिक याहून यथार्थ क्वचितच दिले गेले असेल. २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवरचा शंख फुंकण्याचा असाच एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. "शंख तर देवघरातच आहे," काकू म्हणाल्या. ही वार्ता इमारतीत पसरताच खालच्या दोन बिऱ्हाडांनी लेखी कळवले की, काकांचे घोरणे आम्ही आजवर विनातक्रार सोसले आहे आणि यापुढेही सोसू.

साच्याने घोरणे थांबले. पण मुलगी चतुर होती. तिने लगेच शाबासकी दिली नाही. "आवाज थांबला म्हणजे आजार थांबला, असं नाही. पुन्हा एकदा तारा लावून बघू." कारण साच्याने भिंतींची थरथर जाते आणि तरीही श्वास चोरून तुटत राहतो, असे घडू शकते, मग फिर्यादी बेसावध होतो आणि गुन्हा चालूच राहतो. दुसऱ्या रात्रीच्या अहवालात २२ चा आकडा ७ वर आला. काकांनी दोन्ही अहवाल टाचणीने जोडून फाइल बंद केली. निदान तसे त्यांना वाटले.

घोटाळा पुढे झाला. स्वतः शांत झोपू लागलेल्या मनुष्याची झोप पहाटे सहज उघडते, आणि अशाच एका पहाटे काकांना शेजारून एक आवाज ऐकू आला. बारीक, नियमित, आणि मधून मधून तुटणारा. वर्षानुवर्षे आपल्याच नगाऱ्याखाली दडून राहिलेली ती पिपाणी होती. स्त्रियांच्या बाबतीत हा विकार पुष्कळदा नोंदलाच जात नाही. रजोनिवृत्तीनंतर त्याचा संभव वाढतो, पण बाई डॉक्टरकडे जाऊन घोरण्याचे नाव काढत नाही, थकवा सांगते, डोकेदुखी सांगते, झोप लागत नाही म्हणते. आणि तिच्याविरुद्ध फिर्याद देणारा जो एकमेव इसम, तो स्वतःच घोरत पडलेला असतो. काकांनी सकाळी अत्यंत सौम्य शब्दांत विषय काढला. "कोण, मी?" काकू म्हणाल्या. "मी तर जागीच होते. तुमचं ते प्लास्टिक नीट बसलंय का बघत होते." आणि त्यांचा हात सहज साखळीतल्या चावीकडे गेला. ज्याच्या जबड्याचा स्क्रू दुसऱ्याच्या हाती आहे, त्याने फिर्यादी व्हावे की नाही, याचा विचार कोणत्याही कायद्याने केलेला नाही.

तेव्हा काकांनी कचेरीतला जुना शिरस्ता अंगीकारला. सरळ अर्ज न करता प्रकरण दुसऱ्याच सबबीखाली वर पाठवले. काकूंची दाढ गेले कित्येक दिवस ठणकत होती. ती दाखवून येऊ, म्हणून ते त्यांना त्याच मुलीकडे घेऊन गेले आणि पायरीशीच तिच्या कानात दोन शब्द घालून आले. मुलीने दाढ पाहिली, कीड आहे म्हणाली, आणि मग दिवा थोडा वर वळवून सांगितले, "काकू, आता मोठ्ठा आ करा, जीभ बाहेर. रात्री कधी घोरता का हो?" काकूंनी नेत्रांनी तीव्र इन्कार केला, भुवयांनी उलट फिर्याद दाखल केली, खुर्चीच्या हातावर मूठ आपटून वंशपरंपरेचाही काही मुद्दा मांडला असावा; परंतु तोंडात आरसा होता, त्यामुळे प्रत्यक्षात उमटला तो एकच स्वर, "आ." हा कबुलीजबाब धरता येईल की साक्षीदाराचा नुसता हुंकार, एवढाच प्रश्न काका रिक्षात बसल्यापासून मला फोनवरून विचारत होते, आणि तोही दबक्या आवाजात, कारण फिर्यादी शेजारीच बसला होता, आणि आता आरोपीही तोच होता.